गेमच्या फोल्डरमधल्या विचित्र फाइली: डॉट आयएमजी, डॉट टीएक्सडी, डॉट पाक वगैरे नेमकं काय असतं आणि उघडायचं कसं

गेमचा फोल्डर उघडला की बरेच जण दोन मिनिटांत गपचूप बंद करतात, कारण एक एक्सई सोडली तर तिथे ओळखीचं काहीच नसतं, कुठे डॉट आयएमजी, कुठे डॉट टीएक्सडी, कुठे डॉट एडीएफ, कुठे नुसतंच डॉट बी, आणि डबल क्लिक केलं की विंडोज आपल्यालाच विचारतं ही फाइल कशात उघडू. आता ते माहीत असतं तर डबल क्लिक कशाला केलं असतं. मग माणूस गुगलवर "अमुक एक्स्टेंशन कशात उघडते" असं टाकतो आणि वरच्या साइटी सांगतात की आमचा युनिव्हर्सल ओपनर डाउनलोड करा. तो करू नका. सगळ्या गेमच्या सगळ्या फाइली उघडणारं सॉफ्टवेअर अस्तित्वात नाही, आणि जे तसं सांगतात ते फाइल उघडत नाहीत, तुमच्या पीसीत अजून चार नको त्या गोष्टी टाकतात.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एक्स्टेंशन हा फक्त नावाचा शेवटचा तुकडा आहे, तो गेम बनवणाऱ्याने मनाला येईल तसा ठेवलेला असतो, त्याला विचारणारं कोणी नाही. फाइल खरी कोण आहे ते तिच्या आतल्या पहिल्या काही बाइटांवरून कळतं. म्हणून नाव वाचायचं पण विश्वास आतल्या बाइटांवर ठेवायचा.

उदाहरण म्हणून मी जीटीए व्हाइस सिटी घेतोय, २००३ मध्ये पीसीवर आलेली जुनी मूळ आवृत्ती. आपल्याकडे सायबर कॅफेत ज्याने तासाचे पैसे देऊन गेम खेळलेत त्याला हा फोल्डर नवा नाही, आणि शिकायला याच्यासारखा दुसरा गेम नाही कारण यात साध्या टेक्स्ट फाइलीपासून कुलूप लावलेल्या गाण्यांपर्यंत सगळे प्रकार एकाच जागी आहेत. २०२१ ची डेफिनिटिव्ह एडिशन मात्र यात धरू नका, ती अनरील इंजिनवर नव्याने बनवलेली आहे, तिच्या फाइली वेगळ्याच, त्याचं खाली येईल.

आधी तयारी

गेमचा अख्खा फोल्डर कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि जे काय करायचं ते त्या कॉपीवर करा. जागा नाही वगैरे कारणं देऊ नका, व्हाइस सिटी दीड-दोन जीबीच्या आत बसते.

मग विंडोजला एक्स्टेंशन दाखवायला लावा, कारण ते मुळात लपवलेलं असतं आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररमध्ये वर व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबमध्येच त्याच नावाचा चौकोन आहे. हे केलं नाही तर तुम्ही फाइलचं नाव बदलून शेवटी झिप लिहाल आणि प्रत्यक्षात फाइल होईल अमुक डॉट झिप डॉट पीके३ असलं काहीतरी, म्हणजे जुनं एक्स्टेंशन मागे तसंच.

आता तीन प्रोग्रॅम टाकून घ्या, तिन्ही फुकट आहेत: नोटपॅड प्लस प्लस, सेव्हन झिप आणि एचएक्सडी. एचएक्सडी हा हेक्स एडिटर, म्हणजे कुठल्याही फाइलच्या आतले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम. हेक्स ऐकून घाबरू नका, आपल्याला फक्त पहिली ओळ वाचायचीय. तिघांच्याही मूळ साइटवरूनच घ्या.

आणि एक सवय, डबल क्लिक करायचंच नाही. आधी प्रोग्रॅम उघडायचा आणि फाइल त्यात ओढून टाकायची. डबल क्लिकने काय होतं याचं मस्त उदाहरण मॉडेल्स फोल्डरमधली जीटीए३ डॉट आयएमजी. विंडोज ८ पासून डॉट आयएमजी म्हणजे डिस्क इमेज असं विंडोज समजतं, त्यामुळे ती माउंट करायला जातं आणि मग सांगतं की डिस्क इमेज करप्ट आहे. फाइल एकदम ठणठणीत असते, पण लोक हा मेसेज वाचून गेम अनइन्स्टॉल करून परत टाकतात. तसंच ऑलवेज यूज धिस अ‍ॅपवर टिक करून डॉट डॅट फाइली कायमच्या कुठल्यातरी व्हिडिओ प्लेअरला जोडू नका, कारण डॉट डॅट नावाखाली जगात अक्षरशः काहीही असू शकतं.

पहिली पायरी: टेक्स्ट आहे का बघा

डेटा फोल्डरमध्ये जा आणि तिथल्या फाइली एकेक करून नोटपॅड प्लस प्लसमध्ये ओढा. डॉट सीएफजी, डॉट डॅट, डॉट आयडीई, डॉट आयपीएल, या व्हाइस सिटीत जवळजवळ सगळ्या साध्या टेक्स्ट आहेत. वाचता येणारी अक्षरं दिसली तर काम झालं, दुसरं काही सॉफ्टवेअर लागत नाही.

यातली हँडलिंग डॉट सीएफजी सगळ्यात मजेची. प्रत्येक गाडीची एक ओळ, आणि कुठल्या रकान्यात काय आहे ते फाइलच्या सुरुवातीला बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे सूचना, गेम त्या वाचत नाही. आधी गाडीचं नाव, मग वजन, मग लांबी रुंदी उंची, पुढे टायरची पकड, गिअर किती, कमाल वेग, अ‍ॅक्सिलरेशन, मग एक अक्षर की गाडी पुढच्या चाकांवर चालते, मागच्या की चारही, मग इंजिन पेट्रोल डिझेल की इलेक्ट्रिक, मग ब्रेक. इन्फर्नसची ओळ शोधा, वेगाचा आकडा थोडा वाढवा, सेव्ह करा, गेम बंद असेल तर चालू करा आणि चालू असेल तर बंद करून परत चालू करा कारण ही फाइल फक्त सुरुवातीला वाचली जाते. आकडे थोडे थोडेच वाढवा, एकदम दहापट केला तर गाडी वळतच नाही. आकड्यांमध्ये कॉमा टाकायचा नाही, दशांश चिन्ह म्हणजे टिंबच, आणि एकही रकाना उडवायचा नाही, नाहीतर पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात आणि गेम उघडतानाच पडते.

डॉट आयडीई म्हणजे वस्तूंची यादी, कुठल्या नंबरची वस्तू कुठलं मॉडेल आणि कुठलं टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चिकटवलेलं चित्र, वापरते ते त्यात असतं. डिफॉल्ट डॉट आयडीईत गाड्या १३० नंबरपासून सुरू होतात, पहिली लँडस्टॉकर, आणि इन्फर्नसचा नंबर १४१. डॉट आयपीएल म्हणजे त्या वस्तू शहरात कुठे उभ्या आहेत त्यांचे कोऑर्डिनेट. जीटीएच्याच पुढच्या सॅन अँड्रियास या गेममध्ये आयपीएल टेक्स्टही असतात आणि बायनरीही (फक्त प्रोग्रॅमला कळणारे कच्चे बाइट), म्हणजे नाव तेच पण एक नोटपॅडमध्ये वाचता येते आणि दुसरीत कचरा दिसतो, मी वर नावावर विश्वास ठेवू नका म्हटलं ते याच्यासाठीच.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये कचरा दिसला तर सेव्ह न करता बंद करा. हे महत्त्वाचं आहे, बायनरी फाइल टेक्स्ट एडिटरमधून सेव्ह झाली की ती गेली समजा.

दुसरी पायरी: पहिली ओळ वाचा

आता एचएक्सडी उघडून त्यात फाइल टाका. डावीकडे हेक्स आकडे, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ असे सोळाच्या पद्धतीतले, उजवीकडे त्याच बाइटांची अक्षरं. नजर पहिल्या ओळीवर.

पीके ही दोन अक्षरं दिसली तर ती झिप आहे, एक्स्टेंशन काहीही असो. फिल कॅट्झ म्हणून ज्या माणसाने झिप फॉरमॅट बनवला त्याची ती इनिशियल्स. क्वेक ३ च्या डॉट पीके३ फाइली, माइनक्राफ्टची डॉट जार, माइनक्राफ्ट बेडरॉकच्या डॉट एमसीवर्ल्ड आणि डॉट एमसीपॅक, अँड्रॉइडची एपीके, एक्सएपीके, हे सगळे झिपच, सेव्हन झिपमध्ये सरळ उघडतात. आरएआर आणि पुढे उद्गारचिन्ह म्हणजे रार. ओजीजीएस म्हणजे ऑग ऑडिओ, व्हीएलसीत वाजेल. आरआयएफएफ म्हणजे बहुतेक वेळा वेव्ह. आयडी३ दिसलं किंवा एफएफ एफबी हे बाइट असले तर एमपीथ्री. डीडीएस असेल तर टेक्स्चर, पेंट डॉट नेट किंवा गिंपमध्ये उघडा. ८९ आणि पुढे पीएनजी म्हणजे साधं चित्र. १एफ ८बी म्हणजे जीझिप. बीआयके म्हणजे बिंक व्हिडिओ, २००० च्या आसपासच्या असंख्य गेमचे इंट्रो यातच आहेत, त्याला रॅड व्हिडिओ टूल्स घ्या.

युनिटीएफएस असं लिहिलेलं दिसलं तर युनिटी इंजिनचा बंडल. जीडीपीसी म्हणजे गोडो इंजिन. एफएसबी५ म्हणजे एफमॉडचा आवाजाचा बँक, बीकेएचडी म्हणजे वाइजचा, दोन्ही गेममधला आवाज सांभाळणारी सॉफ्टवेअर. आणि एमझेड दिसलं तर थांबा, कारण ती चालणारी विंडोज फाइल आहे. गेमच्या स्वतःच्या एक्सई आणि डीएलएल मध्ये एमझेड असणारच, पण कोणी तुम्हाला सेव्ह गेम किंवा स्किन म्हणून दिलेल्या फाइलच्या सुरुवातीला एमझेड असेल तर ती चालवायची नाही, सरळ उडवायची.

व्हाइस सिटीच्या फाइली अशा बघितल्या तर चित्र स्पष्ट होतं. डॉट टीएक्सडी म्हणजे टेक्स्चरचा गठ्ठा, ती १६ ०० ०० ०० ने सुरू होते. डॉट डीएफएफ म्हणजे थ्रीडी मॉडेल, ती १० ०० ०० ०० ने. दोन्ही रेंडरवेअर नावाच्या इंजिनचे फॉरमॅट, क्रायटेरियन कंपनीचं, त्या काळात खूप स्टुडिओ तेच वापरायचे, त्यामुळे डॉट टीएक्सडी दुसऱ्या गेममध्येही भेटते. डॉट सीओएल मध्ये सुरुवातीलाच सीओएलएल लिहिलेलं, म्हणजे गाडी कशाला धडकणार आणि कशातून आरपार जाणार त्याचा डेटा. डॉट आयएफपी मध्ये एएनपीके, ते अ‍ॅनिमेशन, चालणं पळणं मारामारी सगळं पेड डॉट आयएफपीत.

एक लक्षात ठेवा, ओळखीचे बाइट नेहमी सुरुवातीलाच असतील असं नाही. अनरील ४ च्या डॉट पाक फाइलीची खूण फाइलच्या शेवटाकडे असते, शेवटच्या भागात ई१ १२ ६एफ ५ए असे बाइट शोधावे लागतात. झिपची अनुक्रमणिकाही शेवटीच असते, म्हणून अर्धवट डाउनलोड झालेली झिप सुरुवातीला पीके दाखवते पण उघडत नाही.

तिसरी पायरी: मोठा गठ्ठा फोडणं

जीटीए३ डॉट आयएमजी शेकडो एमबीची आहे आणि तिच्या शेजारी जीटीए३ डॉट डीआयआर नावाची अगदी छोटी फाइल आहे. मोठी म्हणजे पुस्तक, छोटी म्हणजे तिची अनुक्रमणिका. छोटी हरवली तर मोठीचा काही उपयोग नाही, म्हणून कॉपी करताना दोन्ही बरोबर.

ही डीआयआर एचएक्सडीत उघडून बघाच, कारण जगातले बहुतेक गेम आर्काइव्ह याच पद्धतीने बनलेत आणि ही सगळ्यात सोपी आहे. प्रत्येक नोंद बरोबर ३२ बाइटची. पहिले ४ बाइट सांगतात की फाइल कुठून सुरू होते, पुढचे ४ किती लांब आहे, उरलेले २४ म्हणजे नाव. एचएक्सडीची एक ओळ १६ बाइटची असते म्हणजे दोन ओळीत एक नोंद. आकडे बाइटमध्ये नाहीत, २०४८ बाइटच्या तुकड्यात आहेत, कारण सीडी-डीव्हीडीवर डेटाचा एक सेक्टर तेवढा असतो आणि हा गेम आधी प्लेस्टेशन २ च्या डिस्कसाठी बनला. आणि बाइट उलटे वाचायचे, म्हणजे ०० ०१ ०० ०० दिसलं तर ते हेक्समध्ये १००, आपल्या हिशोबात २५६, गुणिले २०४८ म्हणजे ५२४२८८ व्या बाइटला फाइल सुरू. एचएक्सडीमध्ये सर्चमध्ये गोटू आहे, आयएमजी उघडून त्या जागेवर उडी मारा, तिथे १० ०० ०० ०० किंवा १६ ०० ०० ०० दिसलं की तुम्ही बरोबर वाचलंत. आत एकूण किती फाइली आहेत ते हवं असेल तर डीआयआरच्या साइजला ३२ ने भागा.

सॅन अँड्रियासमध्ये वेगळी डीआयआर नसते, आयएमजीच्या सुरुवातीलाच व्हीईआर२ लिहिलेलं आणि मागोमाग अनुक्रमणिका. म्हणून जुनं टूल सॅन अँड्रियासच्या आयएमजीवर चालत नाही, आणि लोक म्हणतात टूल खराब आहे.

रोजच्या कामाला अर्थात हाताने वाचत बसायची गरज नाही. आल्सीज आयएमजी एडिटर घ्या, तो जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास तिन्ही उघडतो. फाइल शोधा, एक्सपोर्ट करा. टीएक्सडी मॅजिक टीएक्सडीमध्ये उघडा, तिथून चित्र पीएनजी करून बाहेर काढा, गिंपमध्ये रंगवा, परत रिप्लेस करा. चित्राची मापं मूळ होती तीच ठेवा, २५६ बाय २५६ असेल तर तेवढंच, कारण १२८, २५६, ५१२ अशी दोनाच्या घातातलीच, म्हणजे दरवेळी दुप्पट होत जाणारीच मापं चालतात, आणि कॉम्प्रेशनही मूळ होतं तेच, डीएक्सटी१ असेल तर डीएक्सटी१. गाडीवर नंबर प्लेट टाकायला किंवा दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या गावाचं नाव लिहायला एवढं पुरतं. डीएफएफ मॉडेलसाठी ब्लेंडर आणि त्यात ड्रॅगनएफएफ नावाचं अ‍ॅडऑन. मेन डॉट एससीएम मध्ये सगळी मिशन आहेत, ती सॅनी बिल्डरमध्ये उघडते, पण ते सरळ प्रोग्रॅमिंगच आहे, रविवारच्या दुपारी होणारं काम नाही.

परत आयएमजीत फाइल टाकल्यावर रीबिल्ड म्हणून जो पर्याय असतो तो एकदा चालवा. नवी फाइल जुन्यापेक्षा मोठी असली तर टूल ती शेवटी टाकतं आणि जुनी जागा रिकामी राहते, पाचपन्नास वेळा असं झालं की आयएमजी उगाच फुगते.

गाणी: कुलूप लावलेल्या फाइली

ऑडिओ फोल्डरमध्ये नऊ रेडिओ स्टेशनच्या नऊ डॉट एडीएफ फाइली आहेत, वाइल्ड, फ्लॅश, फीव्हर, व्हीरॉक, इमोशन, वेव्ह वगैरे. व्हीएलसीत टाकल्या तर वाजत नाहीत. हेक्समध्ये बघितलं तर कुठलीच ओळखीची खूण नाही.

पण नीट बघितलं तर उजव्या बाजूला जागोजागी अवतरणचिन्हं दिसतात, ओळीच्या ओळी. ती इशारा आहेत. या फाइली साध्या एमपीथ्री आहेत, फक्त प्रत्येक बाइट हेक्स २२ शी एक्सऑर केलेला आहे (एक्सऑर म्हणजे दोन बाइटांचे बिट जुळवायचे, वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०), आणि हेक्स २२ म्हणजेच अवतरणचिन्ह. शून्य बाइट २२ शी एक्सऑर केला की २२ च उरतो, म्हणून जिथे मूळ फाइलमध्ये शून्य होते तिथे अवतरणचिन्हांची रांग लागते. तसंच एमपीथ्रीचा एफएफ बाइट इथे डीडी होऊन बसतो. एक्सऑरची गंमत अशी की तीच क्रिया परत केली की मूळ बाइट परत मिळतो. सायबरशेफ नावाचं फुकट टूल ब्राउझरमध्ये चालतं, त्यात एक्सऑर निवडा, की मध्ये २२ लिहा, प्रकार हेक्स ठेवा, फाइल टाका, आणि निघालेली फाइल डॉट एमपीथ्री नावाने सेव्ह करा. मोठ्या फाइलीला ब्राउझर जरा दम खातो, मग एडीएफ ते एमपीथ्री करणारे छोटे प्रोग्रॅम आहेत ते वापरा, आत तेच करतात. ही गाणी कॉपीराइटची आहेत, घरी ऐकायला ठीक, कुठे अपलोड करायला नाही.

ही युक्ती इतर जुन्या गेममध्येही कामाला येते. अनोळखी फाइलमध्ये एकच विचित्र बाइट खूप वेळा दिसत असेल तर तीच किल्ली असण्याची शक्यता बरीच.

उलट फाइलमध्ये कुठेच काही पॅटर्न नाही, सगळं एकसारखं विस्कटलेलं, असं असेल तर सोपी टेस्ट करा: सेव्हन झिपने ती झिप करून बघा. साइज चांगली कमी झाली तर आत कच्चा डेटा आहे, शोधत राहण्यात अर्थ आहे. अजिबात कमी झाली नाही तर ती आधीच कॉम्प्रेस केलेली आहे किंवा एन्क्रिप्ट केलेली, आणि त्या गेमचं खास टूल असल्याशिवाय हाताने काही होणार नाही.

मराठी सबटायटलचा विषय

हा प्रश्न कायम येतो म्हणून इथेच. टेक्स्ट फोल्डरमधल्या डॉट जीएक्सटी फाइलींमध्ये गेमचं सगळं लिखाण असतं, हेक्समध्ये उघडलं तर प्रत्येक अक्षरानंतर एक शून्य दिसेल कारण व्हाइस सिटी एका अक्षराला दोन बाइट वापरते. जीएक्सटी एडिटरमध्ये वाक्यं बदलता येतात. मग देवनागरी लिहिली की झालं ना? नाही होत. गेम विंडोजचा फॉन्ट वापरतच नाही, मॉडेल्स फोल्डरमधल्या फॉन्ट्स डॉट टीएक्सडी नावाच्या चित्रातून एकेक अक्षर कापून पडद्यावर चिकटवते. त्या चित्रात तुम्ही अ आ इ काढू शकता, पण वेलांटी अक्षराच्या आधी, उकार खाली, जोडाक्षर एकमेकात, हे काही त्या इंजिनला कळत नाही, ते फक्त डावीकडून उजवीकडे चौकोन मांडतं. त्यामुळे रोमन लिपीत लिहिलेली मराठी हा सरळ मार्ग, आणि खरं सांगायचं तर टॉमी व्हर्सेटीच्या तोंडी तशी मराठी वाचायला जाम मजा येते.

सेव्ह गेम

सेव्ह फाइली गेम जिथे टाकलाय त्या फोल्डरमध्ये नसतात, डॉक्युमेंट्समध्ये जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स नावाचा फोल्डर आहे तिथे. जीटीएव्हीसीएसएफ१ डॉट बी ते ८ डॉट बी, आठ स्लॉट. हा फोल्डर कॉपी केला की पीसी बदलला तरी मिशन परत खेळावी लागत नाहीत. फॉरमॅट मारायच्या आधी बघून घ्या डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलंय का, हल्ली बऱ्याच पीसीवर ते आपोआप तिकडे वळवलेलं असतं.

पैसे वाढवायला डॉट बी हेक्स एडिटरमध्ये उघडून आकडा बदलला तर गेम ती सेव्ह घेणार नाही. फाइलच्या शेवटच्या ४ बाइटमध्ये आधीच्या सगळ्या बाइटांची बेरीज लिहिलेली असते, तुम्ही एक बाइट बदलला की बेरीज चुकली. बदलायचंच असेल तर तयार सेव्ह एडिटर वापरा, ते बेरीजही दुरुस्त करतात. हा बेरजेचा प्रकार खूप गेममध्ये असतो.

त्याच फोल्डरमध्ये जीटीए_व्हीसी डॉट सेट नावाची फाइल असते, ती सेटिंगची. नव्या विंडोजवर गेम उघडताच बंद पडत असेल तर आधी ही एकच फाइल उडवा, गेम नवी बनवून घेते, सेव्ह शाबूत राहतात.

बाकी गेम, पटापट

डूमची डॉट वॉड १९९३ पासूनची, सुरुवातीला आयवॉड म्हणजे मूळ गेम, पीवॉड म्हणजे बाहेरून केलेली भर. स्लेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. काउंटर स्ट्राइक १.६ मध्येही डॉट वॉड आहेत पण त्या वॉड३, त्यात फक्त टेक्स्चर, डूमशी संबंध नाही. १.६ चे नकाशे डॉट बीएसपी, मॉडेल डॉट एमडीएल, रेकॉर्ड केलेले सामने डॉट डेम. डॉट डेम व्हिडिओ नाही, व्हीएलसीत टाकू नका, गेमचा कन्सोल उघडून व्ह्यूडेमो आणि फाइलचं नाव. काउंटर स्ट्राइकवाल्या वाल्व कंपनीच्या पुढच्या गेममध्ये डॉट व्हीपीके, त्यात पाक०१_डीआयआर नावाची जी असते तीच उघडायची, बाकी नंबरवाल्या नुसता डेटा. वाल्वच्याच नव्या सोर्स २ इंजिनवरच्या गेमला सोर्स २ व्ह्यूअर.

डॉट पाक सगळ्यात फसवी. क्वेक १ ची पाक म्हणजे सुरुवातीला पीएसीके. अनरीलची पूर्ण वेगळी, वर म्हटलेली व्हाइस सिटीची डेफिनिटिव्ह एडिशन यातच येते, ती एफमॉडेलमध्ये उघडते, आणि बऱ्याचदा तिला एईएस किल्ली, म्हणजे एन्क्रिप्शनचं कुलूप उघडणारा कोड, लागते. क्रोम ब्राउझरच्या फोल्डरमध्येही डॉट पाक असतात, त्यांचा गेमशी काडीचा संबंध नाही.

युनिटीचा गेम ओळखायचा तर एक्सईच्या नावापुढे डेटा लावलेला फोल्डर बघा, त्यात डॉट असेट्स आणि ग्लोबलगेममॅनेजर्स नावाची फाइल. असेट रिपर लावा. सेव्ह बहुतेक अ‍ॅपडेटाच्या लोकललो फोल्डरमध्ये. अंडरटेलसारख्या गेममेकरच्या गेममध्ये सगळं डेटा डॉट विनमध्ये, त्याला अंडरटेल मॉड टूल.

माइनक्राफ्ट जाव्हात डॉट एमसीए म्हणजे नकाशाचा तुकडा, ३२ बाय ३२ चंक, म्हणजे ५१२ बाय ५१२ ब्लॉक. जगातला एखादा भाग बिघडला तर तेवढी एक एमसीए बॅकअपमधून परत टाकली तरी चालतं. लेव्हल डॉट डॅट १एफ ८बी ने सुरू होते, म्हणजे जीझिप, एनबीटी एक्सप्लोररमध्ये उघडा, तिथे गेम मोड, वेळ, हवामान सगळं बदलता येतं.

काहीच कळलं नाही तर ट्रिड नावाचा प्रोग्रॅम बाइट बघून अंदाज सांगतो. आर्काइव्ह फोडायला क्विकबीएमएस आहे, त्याला गेमप्रमाणे वेगळी स्क्रिप्ट द्यावी लागते, शोधताना एक्स्टेंशनचं नाव नका टाकू, गेमचं नाव आणि क्विकबीएमएस असं टाका. आवाजासाठी व्हीजीएमस्ट्रीम. सेव्ह कुठे असते ते पीसीगेमिंगविकीवर गेमच्या पानावर असतं.

मोबाइलवर

एपीके झिप आहे हे वर आलंच. डॉट ओबीबी मध्ये गेमचा मोठा डेटा, नाव मेन, मग आकडा, मग पॅकेजचं नाव असं असतं. हे नाव एका अक्षराने बदललं तरी गेम परत डाउनलोड करायला बसतो, म्हणून मित्राकडून घेतलेल्या ओबीबीचं नाव सुंदर करायला जाऊ नका. आत बऱ्याचदा झिपच असते. अँड्रॉइड ११ पासून फाइल मॅनेजरना अँड्रॉइड फोल्डरमधले डेटा आणि ओबीबी बघायची परवानगी बंद केलीय, तेव्हा यूएसबी केबलने पीसीला जोडून तिथून कॉपी करा.

बीजीएमआयसारख्या ऑनलाइन गेमच्या फाइलींना मात्र हात लावू नका. ती अनरीलवर आहे, आत डॉट पाकच आहेत, आणि यूट्यूबवर लॅग कमी करणाऱ्या कॉन्फिग फाइली वाटणारे ढीगभर आहेत, पण बदललेली फाइल चीटमध्ये धरली जाऊ शकते आणि आयडी बॅन झाला की स्किनवर घातलेले पैसेही गेले.

पीसीवर काही बिघडवलंत आणि गेम स्टीमवरची असेल तर बॅकअप नसला तरी चालेल: लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, मग व्हेरिफाय. बदललेल्या फाइली ओळखून तेवढ्याच परत डाउनलोड होतात. अर्थात तुम्ही मुद्दाम मूळ फाइली बदलून केलेले मॉडही त्यात पुसले जातात, तेव्हा व्हेरिफाय मारायच्या आधी ते बाजूला काढून ठेवा.